उसन्या काठाचे धोतर

१८८२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर दोन हत्तींचा एक खटला निकालाला आला. स्कॉटलंडमध्ये लेव्हन नदीच्या खोऱ्यात ऑर-युइंग नावाची रंगाऱ्यांची पेढी होती. ‘टर्की रेड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्क्या लाल रंगात सूत रंगवून ही पेढी ते मुंबईला आणि एडनला पाठवत असे. गठ्ठ्यावर एक रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असे आणि चिठ्ठीवर दोन हत्तींचे चित्र असे. मुंबईच्या बाजारात या सुताला ऑर-युइंगचे सूत असे कुणी म्हणत नव्हते. ते ‘बे हाथी’ या गुजराती नावाने मागितले जाई. पुढे जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या पेढीनेही आपल्या लाल सुतावर दोन हत्ती छापले आणि वाद न्यायालयात गेला. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहणाऱ्याला त्यांतला फरक दिसत होता, नावेही वेगळी होती. पण मुंबईतला गिऱ्हाईक चिठ्ठी वाचत नाही, तो हत्ती मोजतो, हे न्यायमूर्तींनी मान्य केले आणि निकाल ऑर-युइंगच्या बाजूने दिला. म्हणजे ज्या नावाला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने संरक्षण दिले, ते नाव मालकाने ठेवलेलेच नव्हते. ते बाजाराने ठेवले होते, बाजाराच्या भाषेत ठेवले होते, आणि आपल्या मालाला तिकडे काय म्हणतात हे कळण्यासाठी मालकाला मुंबईच्या माणसांवरच विसंबावे लागत होते.

परदेशात धंदा वाढवायचा तर तिथली भाषा, चालीरीती, आवडीनिवडी ओळखून मालाला तिथले रूप द्यावे, हा सल्ला आज व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात मिळतो, आणि तो जणू गेल्या तीस-चाळीस वर्षांतला शोध आहे अशा थाटात मिळतो. प्रत्यक्षात लँकाशायरच्या कापडधंद्याने एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाबतीत हे काम ज्या बारकाईने केले, तितक्या बारकाईने ते फार थोड्यांना जमले असेल. आपल्याकडे या इतिहासाची एकच बाजू सांगितली जाते: सत्ता त्यांची, जकात त्यांची, यंत्रे त्यांची, आणि आपले विणकर देशोधडीला लागले. ही बाजू खोटी नाही, पण ती अपुरी आहे. कारण सत्तेच्या जोरावर बाजार उघडता येतो. उघडलेल्या बाजारात कोणत्या पन्ह्याचे धोतर खपेल हे सत्ता सांगत नाही. ते शिकावे लागते. मँचेस्टर ते शिकले, त्यावर गबर झाले, आणि माझ्या मते पुढे बुडाले तेही या शिक्षणाच्या स्वरूपामुळेच. कारण जे ज्ञान त्याने मिळवले ते सगळे उसने होते.

मुळात ही विद्या युरोपने काढलेली नाही. मँचेस्टरला धोतराची लांबी कळण्याच्या कितीतरी आधी गुजरात आणि कोरोमंडलचे कारागीर दूरदेशीच्या गिऱ्हाइकासाठी वेगळा माल काढत होते. इंडोनेशियाच्या बेटांसाठी पटोळ्यांचे नमुने निराळे असत, सयामच्या दरबारासाठी छापील कापडाची धाटणी निराळी असे. सतराव्या शतकात छिटे इंग्लंडात जाऊ लागली तेव्हाही तेच झाले. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातल्या आपल्या माणसांना कळवले की लाल जमिनीवरची छिटे इकडे नीट खपत नाहीत, पांढऱ्या जमिनीची पाठवा. इथल्या चिताऱ्यांनी पांढरी जमीन दिली, इंग्रजी घरांना रुचतील अशी फुलझाडे काढली, आणि हा माल इतका खपला की १७०० आणि १७२१ साली कायदे करून त्याला आळा घालावा लागला. गंमत अशी की आपण कुणासाठी रंगवतो आहोत तो गिऱ्हाईक त्या चिताऱ्याने कधी पाहिला नव्हता. त्याला मिळत होता फक्त निरोप, आणि तो कंपनीच्या हातून. दीडशे-दोनशे वर्षांनी याच गोष्टीची उलटी आवृत्ती निघाली. विणणारा लँकाशायरमधल्या ब्लॅकबर्नला, नेसणारा बार्शीला, आणि निरोप आणणारे मधले लोक मुंबईत.

१८१३ साली कंपनीची हिंदुस्थानी व्यापारातली मक्तेदारी संपली आणि लँकाशायरचे कापड इकडे ओतले जाऊ लागले. सुरुवातीचा माल साधा होता: कोरी आणि धुवट थाने, मलमल, लांबच लांब तागे. ते स्वस्त होते म्हणून खपले. पण इथल्या बाजारात एक अडचण होती आणि ती अचूक हेरली एका डॉक्टरने. जॉन फोर्ब्स वॉटसन हा स्कॉटिश माणूस १८५० साली मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत आला. अहमदनगरच्या तोफखान्याबरोबर त्याने काम केले, मुंबईच्या जमशेटजी रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात तो होता, आणि १८५३ साली आजारपणामुळे परत गेला. पुढे लंडनच्या इंडिया म्युझियमचा कारभार त्याच्याकडे आला. हिंदुस्थानात काय पिकते आणि काय बनते याची माहिती ब्रिटिश उद्योगाला पुरवणे हे त्याचे काम होते. १८६६ साली त्याने हिंदुस्थानातल्या कापडावर आणि पेहरावावर एक ग्रंथ काढला आणि त्याच्या जोडीला नमुन्यांचे अठरा खंड. प्रत्येक संचात सातशे नमुने, आणि असे एकूण वीस संच. नमुने म्हणजे चित्रे नव्हेत, खऱ्या कापडाचे तुकडे. संग्रहालयातली अखंड लुगडी, पागोटी, शेले कात्रीने कापून ते तयार केले होते. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यानेच संग्रहावर कात्री चालवावी, हे आजच्या जाणकाराला अंगावर काटा आणणारे वाटेल. फोर्ब्स वॉटसनला मात्र ते अगदी सरळ वाटले. वस्तू जपणे हे त्याचे उद्दिष्टच नव्हते. खंडांच्या पानावर तुकडा, त्याखाली मूळ कापडाची लांबी, रुंदी, वजन, कुठे विणले, काय किमतीला मिळाले.

त्या ग्रंथातला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. इंग्रज कारखानदार कापड म्हणजे शिंप्याकडे जाणारा तागा अशी कल्पना करतो, असे तो सांगतो; हिंदुस्थानात मात्र कपड्यांचा मोठा भाग मागावरून उतरतो तोच नेसायला तयार होऊन. पागोटे, धोतर, लुंगी, उपरणे, साडी यांना कात्री लागत नाही. त्यामुळे रुंदी आणि लांबी हा इथे केवळ मोजमापाचा मामला राहत नाही, तो कपड्याचा आकारच आहे. चार बोटे कमी पडली तर तागा वाया जात नाही, धोतर वाया जाते. सजावटही कापडभर पसरलेली नसते. ती काठाला आणि पदराला असते, कारण नेसल्यावर दिसते तेच. इंग्रजी मालाला काठ नाही, पदर नाही, आणि ज्या रंगांची जोड इथल्या डोळ्याला खटकते ती जोड त्यावर आहे, मग तो खपणार कसा? फोर्ब्स वॉटसन भाबडा नव्हता. ढाक्याच्या मलमलीचे सूत त्याने यंत्रावरच्या उत्तम सुताशी ताडून पाहिले आणि हातसुताचे श्रेष्ठत्व कबूल केले. जरीच्या, कलाबतूच्या कापडाच्या नादी कारखानदारांनी लागू नये, असाही त्याचा सल्ला होता. श्रीमंत मूठभर, खरा बाजार कोट्यवधी गरिबांच्या साध्या कापडाचा. वीस संचांपैकी तेरा ब्रिटनमधल्या शहरांना गेले आणि सात हिंदुस्थानात राहिले, त्यांतला एक मुंबईला. याचे कारण व्यवहारी होते. दोन्हीकडे तोच संच असला की मुंबईचा अडत्या क्रमांकानिशी मागणी कळवू शकेल आणि मँचेस्टरचा व्यापारी तेच पान उघडून माल बनवून घेईल. हिंदुस्थानच्या विणकरांची कला त्याने अशी एका सूचिपत्रात बसवली.

इथे एक प्रश्न रास्तपणे विचारता येईल. एवढ्या खंडांनी प्रत्यक्षात किती माल विकला? बहुतेक संच सरकारी इमारतींत आणि व्यापारी मंडळांच्या कपाटांत गेले. गिरणीवाले रोज उठून ते चाळत होते असे मानायचे कारण नाही. पण या खंडांचे महत्त्व मला दुसऱ्या कारणासाठी वाटते. धंदा आधीपासून जे तोंडी आणि तुकड्या-तुकड्याने करत होता ते त्यांनी उघड मांडले. मँचेस्टरची रचना मोठी विलक्षण होती. सूत कातणारा एक, विणणारा दुसरा, धुलाई-रंगाई करणारा तिसरा, आणि माल परदेशी धाडणारा व्यापारी चौथा. या चौथ्याकडे बहुधा स्वतःचा एकही माग नसे. मुंबईत त्याचा संबंध राली ब्रदर्ससारख्या पेढ्यांशी, आणि त्या पेढ्यांचा संबंध हमी दलालांशी. हे दलाल बहुतांशी भाटिया. कोणत्या व्यापाऱ्याला किती उधारी द्यावी, कुणाची पत कशी, आणि कोणता माल दिवाळीआधी यायला हवा, हे तेच सांगत आणि पैशाची हमीही तेच घेत. मुळजी जेठा मार्केटातला घाऊक व्यापारी नमुन्याची चिंधी देऊन इंडेंट भरत असे: इतके इंच पन्हा, इतके वार लांबी, काठ असा, लाल कडेला काळी रेघ, गाठी इतक्या. ही चिंधी बोटीने जाई आणि काही महिन्यांनी माल येई. ब्लॅकबर्न आणि त्याच्या आसपासची गावे धोतरात इतकी मुरली होती की धोतराचा शब्द तिथल्या धंद्याच्या बोलीत रुळून गेला. पण ते धोतर नेसतात कसे, कासोटा कुठे खोवतात आणि काठ कुठे येतो, हे तिथल्या विणकाम करणाऱ्या बाईला ठाऊक असण्याची गरज नव्हती, आणि बहुधा तिच्या मालकालाही नव्हती. त्याला आकडे पुरत.

कापडावरच्या चिठ्ठ्यांबद्दल आजकाल फार लिहिले जाते, कारण त्या दिसायला सुंदर आहेत. कृष्ण, लक्ष्मी, गणपती, वाघ, मोर, राजेरजवाडे. शिळाछापाने अनेक रंगांत छापलेल्या या ‘छापां’वर देवनागरी, गुजराती, बंगाली अक्षरेही असत. लोक त्या सोलून भिंतीवर लावत. साहेबाने आपल्या देवांची चित्रे लावून आपल्याला भुलवले, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. मला तो पटत नाही. या चिठ्ठ्यांचे खरे काम समजायचे तर खळीकडे पाहिले पाहिजे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापूस दुर्मीळ झाला आणि लँकाशायरच्या विणकरांनी ताण्याच्या खळीत पिठाऐवजी चिनी माती घालायला सुरुवात केली. कापड जड लागे, भरीव दिसे आणि पहिल्याच धुण्यात त्याचे जाळे होई. ओलसर हवेत, बोटीच्या पोटात, गाठींना बुरशी लागे. यादवी संपली पण सवय सुटली नाही, आणि पुढची कित्येक वर्षे या भरभक्कम खळीच्या तक्रारी हिंदुस्थानातून जात राहिल्या. लांबीतही चोरी होत असे. म्हणून तर १८८९ च्या हिंदुस्थानातल्या कायद्याने थानावर वारांचा आकडा छापणे सक्तीचे केले. अशा बाजारात गिऱ्हाईक कशावर भरवसा ठेवणार? मागच्या खेपेला ज्या छापाचे धोतर दोन वर्षे टिकले त्याच छापावर. देवाचे चित्र हे भुलवण्यासाठी नव्हते. ती ओळख पटवण्याची खूण होती, आणि दोन हत्तींचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला तो म्हणूनच. मालाच्या अंगात स्थानिक रूप उतरले होते ते पन्ह्यात आणि काठात. चित्र नंतरचे.

आता मुख्य आक्षेप. हे सगळे सत्तेचे आणि स्वस्ताईचे काम होते, त्यात शिकण्याबिकण्याचा भाग किती, असे कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याकडे पुरावेही आहेत. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने कापडावरची आयात जकात काढून टाकली. १८९४ साली तिजोरीच्या गरजेपोटी ती पुन्हा बसवली तेव्हा लँकाशायरच्या दडपणाखाली हिंदी गिरण्यांच्या मालावरही अबकारी लादली, आणि १८९६ पासून दोन्हींचा दर साडेतीन टक्के केला. इतका उघड पक्षपात दुसऱ्या कुठल्या धंद्यासाठी क्वचितच झाला असेल. पण सत्तेनेच माल खपत असता तर चीनमध्येही खपायला हवा होता. १८४२ च्या तहाने तिथली बंदरे उघडली तेव्हा मँचेस्टरने केवढी स्वप्ने पाहिली होती! दहा वर्षांनी हाँगकाँगमधला एक अधिकारी, मिचेल, याने अहवाल लिहिला की शेतकरी कुटुंब हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत स्वतःपुरते जाडजूड, टिकाऊ कापड विणते आणि विलायती पातळ कापड त्याच्या कष्टाच्या कामात टिकत नाही. तोफांनी बंदर उघडले, अंगरखा मात्र बदलला नाही. आणि चीन तरी दूरचा देश झाला. खुद्द हिंदुस्थानात, एकच राजवट, एकच जकात, एकच आगगाडी असताना पुरुषाच्या कापडाची गोष्ट एक झाली आणि बाईच्या कापडाची दुसरी.

हा फरक महाराष्ट्रात जितका ठळक दिसतो तितका क्वचित कुठे दिसत असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पुरुषांची धोतरे, पंचे, सदऱ्याचे कापड मोठ्या प्रमाणावर गिरणीचे झाले होते, विलायती किंवा मुंबईचे. लुगडे मात्र हातमागावरच राहिले. सोलापुरात तेलंगणातून आलेले पद्मशाली, नागपूर-विदर्भात कोष्टी, मालेगाव आणि भिवंडीत उत्तरेतून आलेले मोमीन, येवल्यात पैठणीचे कारागीर: हे सगळे टिकले, आणि सोलापूर तर याच काळात वाढले. कारण कापडाच्या रचनेत आहे. धोतराचे अंग पांढरे, काठ अरुंद. एकदा ताणा भरला की यंत्रमागावर तीच रचना मैलोगणती काढता येते. नऊवारीचे तसे नाही. अंगाचे सूत आधी रंगवलेले, त्यात चौकडी किंवा रेघा, काठ वेगळ्या रंगाचा आणि अंगाच्या रंगाची छटा त्यात मिसळू न देणारा, म्हणजे बाण्यासाठी तीन धोटे, आणि पदराशी येताच सारे बदलायचे. यंत्रमाग थांबवणे म्हणजे पैसे जाळणे. शिवाय मागणी इतकी बारीक फुटलेली की एका जिल्ह्यातला काठ दुसऱ्या जिल्ह्यात चालत नाही. वय, जात, सौभाग्य यांप्रमाणे रंग ठरलेले. पाचशे लुगड्यांची अशी मागणी सोलापूरचा माग आठवड्या-पंधरवड्यात बदलून घेतो. मँचेस्टरला ती चिंधी बोटीने मागवून, हजारोंच्या गाठी काढून परत धाडायच्या, आणि न खपलेल्या गाठी जगात दुसरीकडे कुठेही विकता येणार नाहीत. चोळीच्या खणाचेही तसेच. गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रभर विकला जात राहिला. छापील साड्या आणि पातळे काढून मँचेस्टरने प्रयत्न केले, काही खपलीही, पण लुगड्याचा गड त्याला सर झाला नाही. सत्ता दोन्हीकडे होती. जिथे उसनी माहिती आकड्यांत उतरवता आली तिथे धंदा जिंकला. जिथे ती माहिती मागाजवळच बसून राहिली तिथे तो बाहेरच उभा राहिला. आणि या टिकलेल्या मागांवरचे सूत कुठले? आधी विलायती, मग मुंबईचे. ‘बे हाथी’चे लाल सूत गिरणीचे वैरी असलेल्या याच हातमागवाल्यांच्या काठांसाठी येत होते. लँकाशायर आणि स्कॉटलंड विणकराला मारतही होते आणि त्यालाच गिऱ्हाईकही करत होते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्या विणकरांच्या पोटावर पाय आला, त्यांच्याच कापडाचे तुकडे करून त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला वाटायचे, या कामाला कौशल्य म्हणून गौरवणे म्हणजे चोराच्या हातोटीचे कौतुक करण्यासारखे नाही का? फोर्ब्स वॉटसनला हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर असे की कोट्यवधी लोकांना स्वस्त कापड मिळाले तर तो हिंदुस्थानचाच फायदा, आणि विणकरांतले जे उत्तम आहेत त्यांना यंत्र हरवू शकत नाही. पहिल्या भागात थोडे तथ्य आहे. स्वस्त धोतराने गरिबाच्या अंगावर एक कापड जास्त आले असेल. दुसऱ्या भागात नाही, कारण मारला गेला तो उत्तम विणकर नव्हताच, तो साधे जाडेभरडे विणणारा होता. पण निंदा करायची तरी काय घडले ते नीट पाहावे लागते, आणि इथे जे घडले त्यात स्थानिक संस्कृतीविषयीचा आदर आणि तिची लूट ही एकाच माणसाच्या हातून, एकाच कात्रीने झाली.

मग हे साम्राज्य ढासळले कसे? १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड निर्यात केले आणि त्यातले जवळजवळ ३०० कोटी वार हिंदुस्थानात आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. इतक्या झपाट्याची कारणे ठाऊक आहेत: पहिल्या महायुद्धात बोटी अडल्या, १९१७ साली जकात साडेसात टक्के झाली, १९२१ साली अकरा, १९३१ साली ब्रिटिश कापडावरही पंचवीस, जपानी स्पर्धा आली, गांधीजींचा बहिष्कार आला. ही सगळी कारणे खरी आहेत, आणि मुंबईतली मजुरी लँकाशायरच्या मानाने तुटपुंजी होती हेही खरे. पण जकातीने माल महाग होतो. तो बाजारातून नाहीसा व्हायला त्याच्या जागी तसाच दुसरा माल तयार असावा लागतो. मुंबईत तो तयार होता, कारण काठाचे ज्ञान कधी मुंबईबाहेर गेलेच नव्हते. मोरारजी गोकुळदास यांनी १८७१ साली गिरणी घेतली, खटाव मकनजी यांची गिरणी १८७४ ची. हे भाटिया व्यापारी. ज्या समाजाने विलायती कापडाची दलाली आणि घाऊक विक्री केली, कोणत्या गावी कोणता पन्हा जातो हे ज्यांनी मँचेस्टरला शिकवले, तेच आता गिरणीमालक झाले. आधी त्यांनी जाडे सूत आणि जाडे कापड घेतले, कारण देशी कापसाचा धागा आखूड. बारीक धोतर लँकाशायरकडेच राहिले. युद्धाने तेही दार उघडले, आणि पुढे आफ्रिकेतला लांब धाग्याचा कापूस आणून मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या बारीक धोतरातही उतरल्या. छाप मारण्याची विद्याही त्यांनी उचललीच. हत्ती, देव, देव्या सगळे तसेच, आणि १९०५ नंतर वर ‘स्वदेशी’ असे ठळक अक्षर. बंगालच्या बहिष्काराच्या दिवसांत परदेशी कापडावर स्वदेशी शिक्के मारून ते विकले जात असल्याची ओरड झाली ती उगीच नव्हती. दोन्ही धोतरे आकाराने, काठाने इतकी सारखी झाली होती की शिक्क्याखेरीज ओळखायला फारसे काही उरले नव्हते.

माझे म्हणणे तपासायला याच लँकाशायरमधला एक दुसरा धंदा शेजारी ठेवून पाहावा. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी कताई-विणाईची यंत्रे बनवत असे. मुंबईच्या गिरण्यांना तिने पहिल्यापासून यंत्रे पुरवली, म्हणजे ज्या हाताने लँकाशायरच्या विणकरांना मागे टाकले तो हात तिनेच घडवला. तिला कुणी ओल्डहॅमला बसून हिंदुस्थानी चालीरीतींवर खंड काढायला सांगितले नव्हते. तरी तिचा माल मुंबईत दशकानुदशके घेतला गेला, स्वदेशीच्या ऐन भरातही, कारण तो बनवण्याचे कसब ओल्डहॅमच्याच कारखान्यात होते आणि मुंबईला ते सहज उचलता येत नव्हते. धोतराचे तसे नव्हते. ब्लॅकबर्नकडे सूत होते, माग होता, कामगार होते. कपडा म्हणून त्यात जे काही होते ते मुळजी जेठा मार्केटातून आले होते. हीच माहिती १९२०-३० च्या दशकांत जपानी कंपन्यांनीही मुंबईतल्याच दलालांकडून घेतली आणि त्याच पन्ह्यांची, त्याच काठांची धोतरे आणखी स्वस्तात आणली. जपानशी १९३४ च्या सुमारास जो व्यापारी करार झाला त्यात त्यांच्या कापडाचा कोटा आणि त्यांनी इथला कापूस किती घ्यायचा हे एकमेकांना बांधावे लागले, इतका तो लोंढा मोठा होता. एकट्या मँचेस्टरने जी कला आपली मानली होती ती कोणालाही शिकवायला बाजार तयार होता, आणि बाजाराचा त्यात तोटा काहीच नव्हता.

१९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकाशायरला गेले आणि डार्वेनमध्ये गिरणीकामगारांनी त्यांचे जंगी स्वागत केले, त्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. त्याहून कमी आठवली जाते ती १९३३ ची मुंबईतली वाटाघाट. सर विल्यम क्लेअर-लीज यांच्या नेतृत्वाखाली लँकाशायरचे शिष्टमंडळ मुंबईत आले आणि मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांच्याशी करार करून गेले: इथल्या जकातीत ब्रिटिश मालाला थोडी सवलत, बदल्यात लँकाशायरने हिंदी कापूस जास्त वापरावा. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या दलालाकडून काठ विचारून घेणारे आता मुंबईच्या गिरणीवाल्याकडून जागा मागून घेत होते. गिरणीवाल्यांचीही चैन फार काळ टिकली नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला होता; पुढे मालेगाव-भिवंडीतल्या विणकरांनीही वीज आली तशी हातमागाजवळ यंत्रमाग मांडले. ही माणसे लुगड्याचा काठ पिढ्यान्‌पिढ्या विणत आलेली, त्यांना कुणाचा खंड उघडून बघावा लागत नव्हता. स्वातंत्र्यानंतर हातमाग वाचवण्यासाठी सरकारने गिरण्यांच्या धोतरांवर मर्यादा घातली आणि १९५३ च्या कायद्याने ठरलेल्या कोट्यावरच्या धोतरांवर जादा अबकारी बसवली. हातमागाला त्याचा लाभ अपेक्षेइतका झाला नाही. गिरणीची मोकळी केलेली जागा बऱ्याच अंशी यंत्रमागवाल्याने घेतली, तोवर शहरातल्या तरुणांनी धोतर सोडून पँट घातली होती, आणि पँटला काठ लागत नाही.